साडेचार टक्के घट

श्रेणिकच्या उजव्या अंगठ्याचं नख अहवालातल्या एका आकड्याखाली टेकलेलं होतं. नखाच्या कडेला निळ्या शाईची रेघ होती, दोनेक मिलिमीटरची, आणि ती दशांश चिन्हाच्या बरोबर खाली आली होती. शून्य दशांश सात सात पाच. त्याच्या दुसऱ्या हाताखाली तेरा महिन्यांपूर्वीचा मिरजेचा अहवाल होता. त्यावर होतं, शून्य दशांश आठ एक दोन.

"कमी झालंय, अक्का," तो म्हणाला.

मी चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत राहिले.

त्याने मोबाइलवर भागाकार केला, पुन्हा एकदा केला आणि मग फोन टेबलावर उलटा ठेवला. साडेचार टक्के घट. गळ्याचं ऑपरेशन झालं, वर्षभर गोळ्या झाल्या, रोज सकाळचं चालणं झालं, आणि हाडं भरण्याऐवजी अजून झिजली, असं त्याचं म्हणणं. अनुजा, त्याची बायको, दोडक्याची भाजी घेऊन आली होती. तिने पातेलं टेबलावर ठेवलं आणि ती तशीच उभी राहिली.

"तीस वर्षं कॉलम बघतोय मी," श्रेणिक म्हणाला. माझा हा धाकटा भाऊ स्थापत्य अभियंता. जुन्या इमारती तपासून त्या उभ्या राहतील की पाडाव्या लागतील, हे सांगणं त्याचं काम. "वरून गिलावा छान असला की लोकांना वाटतं, इमारत शाबूत आहे. तुझं तसंच आहे. आता विषय संपला. एकतीस मार्चनंतर तू इथे राहायचं."

"जेवण निवतंय," मी म्हणाले.

"तूच म्हणाली होतीस, हाडं ठरवतील. ठरवलं त्यांनी."

ते मी म्हणाले होते, हे खरं. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्रज्ञ होते. त्या मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि कारखान्याच्या वसाहतीतलं घर सोडायचं होतं. दिवाळीपासून श्रेणिक विचारत होता, पुढे काय. मी त्याला दोन पर्याय लिहून दिले होते. ऑपरेशननंतर वर्षाने हाडांची घनता मोजायची. वाढली तर मी सांगलीत दोन खोल्या घेऊन राहीन. घटली तर पुण्याला त्याच्याकडे येईन, कारण एकटीने पडले-झडले तर उचलणारं कुणी नाही. तो हसला होता. म्हणाला होता, अक्का, हे तू पत्र लिहिलंस की प्रयोगाची कृती?

आमच्या आजाराची, म्हणजे माझ्या आजाराची, गोष्ट थोडक्यात सांगते. कारखान्यात दरवर्षी कर्मचाऱ्यांची तपासणी व्हायची. एका वर्षी माझ्या रक्तातलं कॅल्शियम जास्त आलं. उसाच्या रसात चुना घालतात, म्हणून रसातलं कॅल्शियम मोजणं हे आमचं रोजचंच काम. तिथे आकडा जास्त आला की आम्ही पहिल्यांदा चंबू बघतो. कुणीतरी तो नळाच्या पाण्याने धुतलेला असतो आणि नंतर शुद्ध पाण्याने विसळलेला नसतो. मी माझ्या रक्ताकडे त्याच नजरेने बघितलं. आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं, "भांडं नीट विसळलेलं नाही." पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षी अर्धी भरलेली बादली उचलताना माझं डावं मनगट मोडलं.

मग मिरजेच्या डॉक्टरांनी शोधून काढलं. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं, ते त्या ठरवतात. माझ्यातली एक शेंगदाण्याएवढी झाली होती आणि अडवणारं कुणी नसल्यासारखी हाडांमधलं कॅल्शियम रक्तात ओढून आणत होती. ती काढून टाकली. काढल्यावर हाडं हळूहळू परत भरतात, कंबरेची आधी, मनगटाची सगळ्यात शेवटी, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनचं मी श्रेणिकला झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळवलं. सही लागते म्हणून शेजारच्या इंगळेबाईंना नेलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी घरी चहा करताना ओठ बधिर झाले. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. उपाशी हाडं आता रक्तातलं कॅल्शियम परत घेत होती, हे मला माहीत होतं. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितल्या तेवढ्या गोळ्या घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून दर पाच मिनिटांनी अंगठा तर्जनीला लावून बघत राहिले. पन्नास मिनिटांनी बोटं माझी झाली. चहा ओतून टाकला आणि कामावर रुजू होण्याचा अर्ज लिहिला.

श्रेणिक चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी अनुजाशी बोलत असताना फोनवर मागून त्याचा आवाज ऐकू आला. "अक्काला कुणाची गरज लागत नाही. आई असतानाही लागायची नाही." तो रागाने बोलत होता, पण त्यात अभिमानही होता. घरात माझ्याविषयी असंच बोललं जायचं.

तर त्या दुपारी पुण्यात, भाजी निवत असताना, मला एक गोष्ट दिसली होती आणि ती मी बोलले नव्हते.

अहवालात दोन रकाने असतात. एकात हाडाची घनता ग्रॅममध्ये असते. दुसऱ्यात टी-स्कोअर असतो, म्हणजे तुमचं हाड तरुण बाईच्या हाडापेक्षा किती कमी आहे, ते. श्रेणिकला मीच फोनवर बजावलं होतं, की टी-स्कोअर बघू नकोस. ती तरुण बाई कोण आणि कुठली, हे यंत्र बनवणाऱ्यालाच ठाऊक. तू फक्त ग्रॅम बघ. त्याने माझं ऐकलं होतं. त्याचं नख ग्रॅमखाली होतं.

मी मात्र शेजारचा रकाना बघितला. मिरजेला उणे तीन दशांश एक होता. पुण्याला उणे अडीच. एक रकाना खाली गेला होता आणि दुसरा वर आला होता. असं एकाच यंत्रावर होत नाही. पुण्याचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं. तपासणीच्या खोलीत शिरतानाच मी त्यावरची पट्टी वाचली होती. दोन कंपन्यांची यंत्रं एकाच हाडाला वेगवेगळे ग्रॅम दाखवतात, दहा-बारा टक्क्यांचा फरक सहज पडतो, हे मी कधीच वाचून ठेवलेलं होतं. श्रेणिकने सोयीसाठी घराजवळची वेळ ठरवली होती. त्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं.

हाडं घटली नव्हती. बहुधा चांगली वाढली होती.

मी भाजी वाढून घेतली.

आठ दिवसांची रजा होती. त्यांची मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती, तिथे माझी बॅग होती. सकाळी अनुजा विचारायची, झोप लागली का. साधा प्रश्न आहे. पहिल्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. तिला वाटलं, मला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं. आई गेल्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारण्याची सोयच मी ठेवली नव्हती.

दुपारी चार वाजता सहावी-सातवीची सहा मुलं गणिताच्या शिकवणीला यायची. अनुजा त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवायची. त्यांच्या वह्या ताटांसाठी जागा ठेवत नसत आणि श्रेणिक लवकर आला तर त्याला चहा ओट्याशी उभ्याने घ्यावा लागे. त्यावरून दोघांची रोज थोडी बाचाबाची व्हायची. तो म्हणायचा, माझ्या घरात मला खुर्ची मिळत नाही. ती म्हणायची, सातवीची फी भरा, मिळेल. मी खोलीत दार ओढून ऐकत असायचे. तिसऱ्या दिवशी अनुजाने मला बाहेर बोलावलं. एका मुलीला शंभरातून दहा टक्के कमी करून पुन्हा दहा टक्के वाढवले की शंभर का होत नाहीत, हे पटत नव्हतं. मी तिला वाटीतले शेंगदाणे मोजून दाखवले. तिला पटलं. मला त्या दिवशी रात्रीचं जेवण जास्त गेलं.

बादली मला कुणी उचलू देत नव्हतं. दळणाचा डबा नाही, कुकरसुद्धा नाही. मी विरोध केला, पण हळू आवाजात केला.

सहाव्या दिवशी दुपारी मी खोलीत आडवी झाले होते, तर अनुजा मोजायची टेप घेऊन आली. तिने समोरची भिंत मोजली. एक टोक तिने मला धरायला दिलं.

"दोन मीटर दहा," मी वाचलं.

"इथे फळा लावणार होते," ती म्हणाली. "सुताराला सांगूनही ठेवलं होतं, शिकवणी या खोलीत हलवायची म्हणून. आता तुमचं कपाट बसेल नीट."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी बारकाईने ऐकलं, नव्हतीच. टेप सटकन आत गेली आणि ती सुताराला फोन करायला बाहेर गेली. मी भिंतीकडे बघत राहिले. पेन्सिलीने दोन बारीक खुणा केलेल्या होत्या, आधीच्या, फळ्यासाठीच्या.

संध्याकाळी श्रेणिक आला तेव्हा मी दोन्ही अहवाल टेबलावर मांडून बसले होते.

"हा आकडा बरोबर आहे," मी म्हणाले. "तुलना चुकीची आहे."

मी त्याला समजावून सांगितलं. किराणा दुकानातल्या काट्यावर सकाळी वजन केलं आणि संध्याकाळी भंगारवाल्याच्या काट्यावर केलं, तर माणूस दिवसात बारीक झाला असं म्हणत नाहीत. त्याच काट्यावर पुन्हा उभं राहावं लागतं. मिरजेलाच जायला हवं. तो ऐकत होता. त्याच्या कामातही असं होतं, त्यामुळे त्याला लगेच कळलं; मग त्याने विचारलं तेही लगेच.

"हे तुला आज कळलं?"

"नाही."

"मग सहा दिवस बोलली का नाहीस?"

"खात्री करत होते."

तो हसला. अनुजाला हाक मारून म्हणाला, ऐकलंस का, हिला सहा दिवस लागले खात्री करायला. हिने लग्न का केलं नाही ते आज समजलं. अनुजाने त्याला डोळ्यांनी दटावलं. मीही हसले. खोटं बोलायची मला सवय नव्हती, आणि ते इतकं सहज खपलं याचं मला नवल वाटलं.

शनिवारी तो मला गाडीने मिरजेला घेऊन गेला. तिथे तपासणी करणाऱ्या शबाना मुजावर यांनी मला ओळखलं. त्यांनी वर्षापूर्वीचा कागद काढला, माझे पाय तसेच ठोकळ्यावर ठेवले, कंबर तशीच सरळ केली. यंत्राचा हात डोक्यावरून हळूहळू सरकायला लागला.

"हलायचं नाही बघा, मॅडम. श्वास नेहमीसारखा घ्या."

प्रयोगशाळेत एक नियम आहे. आकडा येण्याआधी आकडा मनात धरायचा नाही. धरला की डोळा तोच वाचतो. अठ्ठावीस वर्षांत हजारो नमुने मी तपासले, आणि तो नियम मोडला नाही. नवीन मुलींनाही मी पहिल्या दिवशी तेच शिकवायचे. त्या टेबलावर पडल्या पडल्या मी पहिल्यांदा एक आकडा मनात धरला. तो कमीचा होता. शून्य दशांश आठ शून्य चालेल. सात नव्वद चालेल. माझी समजूत चुकलेली असू दे, पुण्याचं यंत्र खरं ठरू दे. हाडं खरोखरच झिजलेली असू देत, म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावन्नची होते. इतकी वर्षं मी माणसांना आकडे दिले, त्यांच्या निर्णयांसाठी. स्वतःचा निर्णय मात्र मी आकड्यावर सोपवून बसले होते, आणि आकडा माझ्या बाजूने येत नव्हता.

यंत्राचा हात थांबला. शबानाबाईंनी पडद्यावर मणक्यांच्या कडा आखल्या, आधीच्या चित्राशी ताडून बघितल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"शून्य दशांश आठ आठ सहा," त्या म्हणाल्या. "कंबर माघारी आली की हो तुमची. मनगट अजून आहे तिथंच आहे. ते सावकाश येतंय. पण कंबर झ्याक."

"किती टक्के?" श्रेणिकने दारातून विचारलं.

"नऊ," मी म्हणाले. मी मनातल्या मनात भागाकार केलेला होता.

तो आत आला आणि त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. मग घाबरून हात मागे घेतला. मग आठवलं की आता घाबरायचं कारण नाही, आणि पुन्हा मारली. शबानाबाई हसल्या. त्या दिवशी तो खरोखर आनंदला होता, हे मला आजही स्पष्ट आठवतं. पुण्याच्या अहवालाने त्याची सहा दिवस झोप गेली होती, हे त्याने गाडीत बसताना सांगितलं. मला वाटत होतं, मी त्या सहा दिवसांत फक्त खोली घेतली होती. मी त्याची झोपही घेतली होती.

गाडीतूनच त्याने अनुजाला फोन केला. नऊ टक्के, आपल्यापेक्षा मजबूत निघाली ती. हो, हो, आता सांगलीतच बघेल ती, तिला तेच हवं होतं. सुताराचंही तू बघून घे मग. पलीकडून अनुजा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग तिने मला फोन द्यायला सांगितला आणि माझं अभिनंदन केलं. तिचा आवाज मोकळा होता. मी आभार मानले.

"आलोच आहोत तर त्या खोल्या बघून जाऊ," श्रेणिक म्हणाला.

सांगलीत विश्रामबागेत एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घराच्या मागच्या बाजूला त्या दोन खोल्या होत्या. त्यांनी किल्ली दिली आणि ते ओट्यावर पेपर वाचत बसले. खोल्या चांगल्या होत्या. पूर्वेला खिडकी होती. न्हाणीघरात पाय घसरणार नाही अशी फरशी होती. श्रेणिकने बोटांच्या पेरांनी भिंती ठोकून बघितल्या, नळ सोडून बघितला, छताच्या कोपऱ्याचा मोबाइलवर फोटो काढला. गिलावा आणि आतलं, दोन्ही ठीक आहे, म्हणाला. महिन्यातून एकदा तो येईल. दिवाळीला मी जाईन. गौरीगणपतीला अनुजाला शिकवणी बंद ठेवून येता येईल. त्याने माझ्यासाठी सगळं बरोबर मांडलं होतं, मीच लिहून दिलेल्या पहिल्या पर्यायाप्रमाणे.

मी पुढच्या खोलीच्या मध्यभागी उभी होते. खोली बारा फूट बाय दहा असावी. पलंग खिडकीशी येईल, टेबल दाराशी. खुर्ची एक पुरेल. सकाळी उठून चहा एक कप. मी हे सगळं मांडून बघितलं. कुठेही चूक सापडली नाही.

"मग हो म्हणून सांगू त्यांना?" श्रेणिक दाराशी जाऊन थांबला.

"नको."

"का? आवडली नाही?"

"जागा चांगली आहे."

"मग? दुसरी बघायची? तू सांग तर. मला वाटलं, तुला हीच आवडेल." तो परत आत आला. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं, मला चक्कर येतेय. त्याने बसायला काही आहे का म्हणून इकडेतिकडे बघितलं. खोलीत काही नव्हतं. त्याने माझा दंड धरला, मनगट मोडलेल्या बाजूचा, आणि लगेच दुसऱ्या बाजूला आला.

"मला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "पुण्यात पहिल्या दिवशीच मला कळलं होतं की हाडं वाढलीत. मी खात्री करत नव्हते. मुद्दाम गप्प बसले होते."

त्याने दंड सोडला नाही. त्याला अजून कळलं नव्हतं. माझ्या बाबतीत त्याला हे कळण्याची सवयच नव्हती, आणि ती सवय मी लागू दिली नव्हती. बाहेर मुख्याध्यापकांनी पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"हाडं बरी आहेत, श्रेणिक," मी म्हणाले. "अजून भरतील. पण मला एकटीला राहायचं नाही. अनुजाला मी स्वतः विचारीन. ती नको म्हणाली तर मी ऐकेन. पण मला तुमच्याकडे राहायचंय."